मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर साडेतेरा हजार किमी, पण तास नक्की किती?

मुग्धा_के

नमस्कार मंडळी,

जाणकारांची मदत हवी आहे. आईबाबा येत्या उन्हाळ्यात आमच्याकडे बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, यायचं म्हणताहेत. मुक्काम पुणे, दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास. तिकीट मी काढणार आहे, पण बाबा पडले निवृत्त भूगोल शिक्षक. त्यामुळे तिकिटाआधी रोज फोनवर माझी तोंडी परीक्षा चालू आहे.

त्यांचे प्रश्न जसेच्या तसे देते:

"मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हवाई अंतर साडेतेरा हजार किलोमीटर. विमान ताशी नऊशेने जातं. भागाकार केला की पंधरा तास. मग थेट विमानाला सोळा-सतरा का लागतात? दुसऱ्या तिकिटावर बावीस आणि तिसऱ्यावर एकोणतीस, ही कुठली मोजायची रीत?"

"आणि दुपारी चारला निघालेलं विमान त्याच तारखेला संध्याकाळी कसं पोचतं?"

मला स्वतःला एवढंच ठरवायचंय की थेट काढू की मध्ये एक थांबा घेऊ. आईचे गुडघे दुखतात, बाबांना एका जागी बसवत नाही, आणि दोघांचंही इंग्रजी बेताचं.

नकाशावेडा

बाबांना आधी नमस्कार सांगा. असे पालक सगळ्यांना मिळोत.

साडेतेरा हजार बरोबर आहे, पण ते कुठलं अंतर? पृथ्वीगोलावर दोन बिंदूंमधला सगळ्यात जवळचा मार्ग, म्हणजे बृहद्वृत्तावरचं अंतर. बाबांकडे पृथ्वीगोल असणारच. त्यावर मुंबईपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दोरा ताणून धरायला सांगा. दोरा युरोपकडेही जात नाही आणि जपानकडेही जात नाही. मुंबईतून निघाला की जवळजवळ सरळ उत्तरेला, फक्त चौदाएक अंश पूर्वेकडे झुकून. काराकोरम पर्वत, चीनचा शिनच्यांग प्रांत, सायबेरिया, मग आर्क्टिक महासागरात ७६-७७ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि अलास्कावरून खाली उतरतो.

भिंतीवरच्या नकाशात हे दिसत नाही, कारण मर्केटरच्या नकाशात ध्रुवाकडचा भाग ताणलेला असतो. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे.

आणखी एक गंमत. दुबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या रेखांशांत जवळपास १८० अंशांचा फरक आहे. त्यामुळे त्या दोघांमधला दोरा उत्तर ध्रुवाच्या अगदी शेजारून जातो. दुबई ते सॅन फ्रान्सिस्को साधारण १३,००० किमी. म्हणजे मुंबईहून दोन हजार किमी पश्चिमेला सरकलं तरी अमेरिकेचा पश्चिम किनारा जेमतेम पाचशे किलोमीटरने जवळ येतो. सिंगापूरला गेलात तर उलट ऐंशी-नव्वद किमी लांबच जाल. बाबांना विचारा, वर्गात हा प्रश्न कधी घातला होता का? :)

गुळपोळी

वाचतेय. माझ्या सासू-सासऱ्यांचंही तिकीट काढायचं आहे. बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

रामराम_पावणं

एक बाळबोध शंका. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान पश्चिमेला निघालं तर अमेरिका आपोआप त्याच्याकडे येत नाही का? पश्चिमेला जाताना वेळ कमी लागायला हवा. होतं मात्र उलटं.

नकाशावेडा

@रामराम_पावणं, चालत्या लोकलमध्ये जागच्या जागी उडी मारलीत तर मागच्या डब्यात पडता का? तसंच आहे. विमान, धावपट्टी आणि हवा, सगळंच पृथ्वीबरोबर फिरतंय. फिरण्याचा परिणाम होतो तो आडमार्गाने, वाऱ्यांची दिशा ठरण्यात. ते पुढे कोणीतरी सांगेलच. इथे एक काका आहेत, त्यांची वाट बघतोय.

धावपट्टी२७

आलो. विमानांचे मार्ग आखण्याच्या कामात नोकरी गेली, त्यामुळे हा धागा मला सोडवणार नाही. सवडीने लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

बाबांचा भागाकार चुकलेला नाही. फक्त भाज्य आणि भाजक दोन्ही रोज बदलतात.

आधी भाज्य. वर सांगितलेल्या दोऱ्यावरून विमान जवळजवळ कधीच जात नाही. काराकोरम आणि तिबेटच्या पठारावर जमीनच इतकी उंच आहे की तिथे केबिनचा दाब गेला तर विमान खाली आणायचं कुठे हा प्रश्न येतो. दाब गेला की वैमानिक विमान दहा हजार फुटांच्या आसपास उतरवतो, कारण वरून खाली पडणारे प्रवाशांचे ऑक्सिजन मास्क साधारण बारा ते वीस मिनिटंच पुरतात. खाली वीस हजार फुटांचे डोंगर असतील तर उतरणार कुठे? म्हणून हा भाग बहुतेक वेळा टाळतात, नाहीतर सुटकेच्या वाटा आधीच आखून मगच तिथून जातात.

दुसरी अडचण राजकारण. २०२२ च्या फेब्रुवारीपासून रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झालं, भारतीय कंपन्यांना मात्र उघडं राहिलं. त्यामुळे त्याच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांच्या वाटा वेगळ्या, तासही वेगळे. २०२५ च्या एप्रिलअखेरीस पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. याचा सगळ्यात मोठा फटका दिल्लीला बसला. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरावं लागलं. मुंबईचं विमान अरबी समुद्रावरून ओमानकडे निसटू शकतं, म्हणून पश्चिमेकडे जाताना मुंबईला झळ कमी. २०१९ मध्ये बालाकोटनंतर असंच झालं होतं, तेव्हा ते आकाश फेब्रुवारीअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत बंद होतं.

तिसरी गोष्ट, दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या वेळात पोचता येईल असा विमानतळ वाटेत सतत लागतो. समुद्रावर आणि ध्रुवाजवळ त्या हिशेबाने वाट वाकवावी लागते. २०२३ च्या जूनमध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनाच्या तक्रारीमुळे रशियात मगदानला उतरलं होतं, आठवत असेल. नकाशावर ज्या गावाकडे एरवी कोणी बघत नाही, ते आमच्या कागदांवर ठळक लिहिलेलं असतं.

आता भाजक. ताशी नऊशे हा वेग हवेतला. हवाच ताशी दीडशेने पुढे जात असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग हजार-पन्नास. तीच समोरून आली तर साडेसातशे. तीस ते चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जे जोरकस पट्टे आहेत, त्यांना आम्ही जेट स्ट्रीम म्हणतो. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त असतो, पॅसिफिकवर जपानच्या पूर्वेला तर विचारूच नका.

याचं उत्तम उदाहरण २०१६ च्या ऑक्टोबरमधलं. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान तोवर अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किमी. मग त्यांनी ते पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३०० किमी आणि वेळ लागला साडेचौदा तास! चौदाशे किलोमीटर जास्त उडून जवळजवळ दोन तास वाचले. बाबांना भागाकार करायला सांगा: १५,३०० भागिले १,०५०.

घाटवाटा

काका, जबरी. म्हणजे जाताना पॅसिफिक आणि येताना अटलांटिक केलं तर दोन्ही वेळा वारा पाठीशी आणि वर पृथ्वीप्रदक्षिणा फुकट?

धावपट्टी२७

तत्त्वतः हो. पण रोज तसं जमेलच असं नाही. उड्डाणाच्या काही तास आधी त्या दिवसाचे वारे, बंद आकाशं, वादळं, ज्या देशांवरून जायचं त्यांचे शुल्क, सगळं घालून चार-पाच वाटा काढतात आणि त्यातली परवडणारी निवडतात. त्यामुळे कालचं विमान अलास्कावरून गेलं आणि आजचं जपानच्या होक्काइडोच्या बाजूने, असं होतं.

आणि तिकिटावर छापलेला वेळ हा उडण्याचा नसतो. विमान फाटकापासून (गेटपासून) मागे ढकलल्यापासून ते तिकडच्या फाटकाला लागेपर्यंतचा असतो. मुंबईत रांगेत उभं राहणं, घिरट्या, तिकडे फाटक रिकामं होईपर्यंत थांबणं, सगळं त्यात. वर कंपन्या थोडी चरबीही ठेवतात, म्हणजे "वेळेआधी पोचलो" म्हणायला बरं.

मुग्धा_के

काका, बाबांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी "पुन्हा वाच" म्हटलं. मग पाटीवर भागाकार केला. १४.५७ आला. आज पहिल्यांदा त्यांच्याकडून "हं, ठीक आहे" ऐकलं.

पुढचा प्रश्न: पॅसिफिकवरून गेलं तर आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडावी लागते. मग एक दिवस वाढतो की घटतो?

नकाशावेडा

ना वाढतो, ना घटतो. सॅन फ्रान्सिस्कोत उतरलात तेव्हा तिथल्या घड्याळात जे वाजले असतील ते वाजले असतील. तुम्ही कुठल्या वाटेने आलात याच्याशी त्या घड्याळाला देणंघेणं नाही. सरळ असा हिशेब करा. उन्हाळ्यात भारत साडेबारा तास पुढे, हिवाळ्यात साडेतेरा. मुंबईहून दुपारी चारला निघालं आणि सोळा तास लागले, तर भारतात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे आठ. त्यातून साडेबारा वजा केले की त्याच तारखेला संध्याकाळचे साडेसात.

येताना याची भरपाई होते. सोमवारी रात्री नऊला तिकडून निघालात आणि साडेसोळा तास लागले तर मुंबईत बुधवारी पहाटे दोनला उतराल. मंगळवार जवळजवळ सगळा आकाशातच संपतो. संकष्टी मंगळवारी आली तर चंद्रोदय कुठला धरायचा यावर वेगळा धागा काढा. (हलकं घ्या.)

रामराम_पावणं

चंद्रोदयावर दोनशे प्रतिसाद नक्की.

जुना_खारकर

तुम्ही सोळा तासांना लांब म्हणता याची मौज वाटते. एअर इंडियाने १९६० मध्ये बोइंग ७०७ घेऊन मुंबई-न्यूयॉर्क सुरू केलं, लंडनवरून. तेव्हा अटलांटिकपार जेट विमान नेणं हीच मोठी गोष्ट होती, आणि विनाथांबा न्यूयॉर्क कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आम्ही ऐंशीच्या दशकात गेलो तेव्हा युरोपात उतरणं हे गृहीतच. लोक विमानतळावरून घरी पत्र टाकायचे. मुंबईहून न्यूयॉर्कला न थांबता जाणारं एअर इंडियाचं विमान सुरू झालं २००७ च्या ऑगस्टमध्ये, बोइंगचं लांब पल्ल्याचं ७७७-२००एलआर आल्यावर. सॅन फ्रान्सिस्कोला मुंबईहून थेट तर २०२२ च्या डिसेंबरमध्ये.

हे सगळं एकाच माणसाच्या हयातीतलं आहे.

घाटवाटा

एक शंका. एवढं लांब जायचं तर टाकी मोठी करा आणि जा. यात अवघड काय?

धावपट्टी२७

टाकी भरली की वजन वाढतं, वजन वाढलं की जास्त इंधन जळतं, म्हणून आणखी इंधन घ्यावं लागतं. खारकरांनी सांगितलेलं ७७७-२००एलआर घ्या. टाकी साधारण १,८१,००० लिटरची. तेवढ्या इंधनाचं वजन १४५ टनांच्या आसपास. विमानाचं जास्तीत जास्त उड्डाणवजन सुमारे ३४७ टन. म्हणजे पूर्ण भरून निघालं तर ४० टक्क्यांहून जास्त वजन निव्वळ इंधनाचं, आणि त्यातलं बरंचसं इंधन उरलेलं इंधन वाहून नेण्यातच खपतं. म्हणून कधीकधी लांबच्या विमानात मागच्या काही सीट मुद्दाम रिकाम्या ठेवतात किंवा माल उतरवतात. त्याच कारणाने मध्ये तासभर इंधनासाठी थांबणं कंपनीला दर वेळी तोट्याचं असतंच असं नाही.

ध्रुवाजवळून जाताना इंधन गोठण्याचीही काळजी असते. आपल्याकडे भरतात ते जेट ए-१ उणे ४७ अंशांना गोठू लागतं, अमेरिकेत भरतात ते जेट ए उणे ४० लाच. म्हणजे परतीच्या प्रवासात काळजी जास्त. बाहेर उणे साठ असेल तर वैमानिक टाकीतल्या तापमानावर डोळा ठेवून असतो. फार खाली गेलं तर वेग थोडा वाढवतो किंवा उंची बदलतो.

२०२१ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को-बंगळूर पहिलं थेट उड्डाण ध्रुवावरून आलं, ते हे सगळं सांभाळून. कॅप्टन झोया अग्रवाल यांच्याबरोबर कॉकपिटमध्ये सगळ्या महिलाच होत्या. दोन शहरांमधलं अंतर जवळपास १४,००० किमी आणि आकाशात सतराएक तास.

सॅनहोजेकर

विज्ञान झालं असेल तर मुग्धाच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मी दर वर्षी कोणा ना कोणाला आणतो-पोचवतो.

दुबईवरून: मुंबई-दुबई १,९३० किमी, सव्वातीन तास. पुढे दुबई-सॅन फ्रान्सिस्को पंधरा-सोळा तास. किलोमीटर फारसे वाढत नाहीत, पण लांबचा टप्पा तेवढाच लांब राहतो. म्हणजे थांबा घेऊनही बाबांना सलग सोळा तास बसायचंच आहे. बरेच जण इथे फसतात.

फ्रँकफर्टवरून: ६,६०० अधिक ९,१५० किमी. नऊ तास आणि अकरा-साडेअकरा तास, असे दोन जवळजवळ सारखे तुकडे. पाय मोकळे करायचे असतील तर थांबा असा मधोमध हवा.

सिंगापूरवरून: साडेसतरा हजार किमी. विमानतळ उत्तम, पण ज्येष्ठांना एवढा वळसा कशाला?

एकोणतीस तासांचं तिकीट म्हणजे मध्ये आठ-नऊ तास खुर्चीवर बसवणारं. स्वस्त असतं. आईवडिलांसाठी काढू नका.

आणि पूर्व किनाऱ्यावर विमान बदलून येणारं तिकीट तर नकोच. अमेरिकेत पहिलं पाऊल जिथे, तिथेच इमिग्रेशन. तिथे बॅगा ताब्यात घ्यायच्या, कस्टम्समधून न्यायच्या, परत पट्ट्यावर टाकायच्या, पुन्हा सुरक्षा तपासणी, आणि हे सगळं पुढचं विमान सुटायच्या आत. तिशीतल्या माणसाचीही तारांबळ उडते.

माझं मत: थेट मिळालं आणि परवडलं तर थेट. वेळापत्रक दर मोसमात बदलतं, म्हणून वाटेत इंधनासाठी थांबतं का हे तिकीट काढतानाच बघ.

गुळपोळी

थेटला माझा विरोध. सोळा तास एका जागी म्हणजे गुडघेवाल्यांना शिक्षा आहे. माझ्या आईचे पाय इतके सुजले की उतरल्यावर चप्पल चढेना. परत जाताना फ्रँकफर्टला तीन तास मिळाले, चालली-फिरली, ठणठणीत पोचली.

सॅनहोजेकर

@गुळपोळी, मान्य. पण तुमच्या आईंना फाटक बदलल्याची घोषणा कळत होती. ज्यांना कळत नाही त्यांचे ते तीन तास पाटीकडे डोळे लावून जातात. व्हीलचेअर मागितली की हा प्रश्न बराच सुटतो. चालता येत असलं तरी मागा, लाज कसली? माणूस थेट फाटकापर्यंत नेऊन सोडतो.

फ्रीमॉंटची_सून

+१ व्हीलचेअरला. तिकीट काढतानाच नोंदवायची, आयत्या वेळी नाही.

आणि तुम्ही सगळे आकाशातले तास मोजताय, जमिनीवरचे कोण मोजणार? पुण्याहून निघणार ना? कोथरूडहून टॅक्सी, घाटात अडकलात तर पाच तास धरा. विमानतळावर साडेतीन-चार तास आधी. इकडे उतरल्यावर इमिग्रेशनची रांग कधी अर्धा तास, कधी दोन. मग सामान, मग गाडी. दार ते दार सत्तावीस-अठ्ठावीस तास होतात, विमान थेट असलं तरी. म्हणून आदल्या रात्री मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम टाकायला सांग. हा एक दिवस वाढला की बाकी सगळं सुसह्य होतं.

अजून काही:
औषधं हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. बीपीच्या गोळीची वेळ भारताच्या घड्याळाने धरायची की इकडच्या, हे डॉक्टरांनाच निघायच्या आधी विचारून कागदावर लिहून घ्या.
तुझा पत्ता आणि फोन मोठ्या अक्षरात, इंग्रजीत, दोघांच्याही खिशात वेगवेगळा. एकाच पर्समध्ये नको.
लाडू, लोणचं, मेतकूट आणा, पण विचारलं की "खायचं सामान आहे" असं स्पष्ट सांगायचं. लपवलं की दंड. ताजी फळं, कढीपत्ता, बिया घरीच. हापूसच्या पेटीचा मोह झाला तरी नाहीच.

जुना_खारकर

कढीपत्त्याचं आमच्या घरी कोणाला पटत नाही. दर वेळी एक काडी कुठेतरी निघतेच.

मुग्धा_के

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली आहे. घरात मतदान झालं. आई थेटच्या बाजूने ("एकदा बसले की मला कोणी उठवू नका"), बाबा फ्रँकफर्टच्या बाजूने, कारण त्यांना दोन तुकड्यांचं अंतर वेगवेगळं मोजायचंय. तिकीट थेटचं बघतेय. मुंबईत मामाकडे आदल्या रात्री मुक्काम ठरला, व्हीलचेअरही दोघांना मागते.

आता शेवटचा प्रश्न, बाबांचाच. खिडकी कुठल्या बाजूची घ्यावी? त्यांना अलास्का बघायचाय.

धावपट्टी२७

अलास्का दिसेल की नुसतं पाणी, हे त्या दिवशीचे वारे ठरवतील, म्हणून बाजूच्या नादी लागू नका. पंखाच्या बरंच पुढे किंवा बरंच मागे खिडकी घ्या, नाहीतर सोळा तास पंखच बघत बसाल. बाबा खिडकीत, आई कडेच्या सीटवर, म्हणजे तिला गुडघे बाहेर काढता येतील. मधली सीट रिकामी राहिली तर नशीब. आणि त्यांना सांगा, समोरच्या पडद्यावर नकाशा लावून ठेवा, त्यात जमिनीवरचा वेग आणि बाहेरचं तापमान दोन्ही दिसतं. दर तासाला वहीत लिहून ठेवले तर उतरल्यावर इथे टाका, वाऱ्याचा हिशेब मी करून देतो.